आधी विचारणारा माणूस : सीमाभागातून पाहिलेलं डिझाइन संशोधन

वाङ्मय मंडळाच्या अंकात डिझाइनवर लेख कशाला, असं तुम्हाला वाटलं तर त्यात नवल नाही. डिझाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ड्रेस येतो, पोस्टर येतं, फार तर मोबाइलचं नवं मॉडेल येतं. मग 'डिझाइन संशोधक' हा कोण प्राणी? आणि समाजबदलाशी त्याचा काय संबंध? करिअर मार्गदर्शनाच्या एका व्याख्यानात मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, आणि व्याख्यानभर मला आमच्याकडचीच उदाहरणं आठवत राहिली.

आमच्याकडची म्हणजे कर्नाटकातल्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतली. मी आळंद तालुक्यातली. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं कन्नड, आणि आता इथं मराठी साहित्य. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत घरात मराठी, बाजारात कन्नड, दुकानात दखनी उर्दू आणि तांड्यावर लमाणी असा कारभार चालतो. २०१२ सालच्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत ३७१ (जे) हे कलम आलं, या भागासाठी खास तरतुदी झाल्या. २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकचं नाव कल्याण-कर्नाटक झालं. 'मागासलेला भाग' हे बिरूद मात्र आमच्या कपाळावर कायम आहे. मागासलेल्या भागाला कायम काहीतरी पाठवलं जातं. यंत्रं, योजना, फॉर्म. ते वापरणाऱ्याला पाठवण्याआधी कुणी काही विचारलं होतं का, हा माझा प्रश्न आहे, आणि डिझाइन संशोधकाचं कामही नेमकं तिथंच सुरू होतं.

हा माणूस करतो काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर वस्तू किंवा व्यवस्था घडवण्याआधी ती कोण, कुठं, कशी वापरणार आहे हे जाऊन बघणारा माणूस. तो बघतो, विचारतो, मोजतो, नोंदी करतो. मग कच्चा नमुना करून लोकांच्या हातात देतो आणि तो कुठं मोडतो ते पुन्हा बघतो. त्याच्या बॅगेत मोजपट्टी, कॅमेरा आणि वही असते. यातली वही सगळ्यात महत्त्वाची.

आपल्या देशात या विचाराची सुरुवात सांगताना एका तांब्याची गोष्ट सांगतात. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याला भारत सरकारनं बोलावलं होतं. त्यांनी देशभर हिंडून एप्रिल १९५८ मध्ये अहवाल दिला. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल, तर आपल्या साध्या लोट्याचं. त्यात पाणी किती मावतं, भरल्यावर तो डोक्यावर कसा बसतो, कमरेवर कसा बसतो, काठावरून पाणी कसं ओतलं जातं, आतून घासता येतो का, हाताला कसा लागतो, किंमत काय, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी मांडले. लोट्याला कुणी एक डिझायनर नाही. पिढ्यान् पिढ्या वापरणाऱ्यांनी आणि घडवणाऱ्यांनी हे प्रश्न हातानंच सोडवत आणले. या अहवालाच्या आधारावर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी सुरू झाली. पुढं १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र निघालं.

म्हणजे आपल्या डिझाइन शिक्षणाच्या मुळाशीच 'आधी लोकांकडून शिका' हा धडा आहे. तो किती पाळला गेला, ते पुढच्या तीन उदाहरणांतून बघू.

हापसा : मोडण्याची कारणं शोधणारे

तुमच्यापैकी जे खेड्यातून आले आहेत त्यांनी हापसा हापसलेला असणार. आमच्या वस्तीवर तो अजून आहे. दांडा वर गेला की लहान पोरगी त्याला लोंबकळते आणि आपल्या वजनानं तो खाली आणते. मीही तेच केलं आहे. या हापशामागची कथा मात्र आमच्या शेजारच्याच जिल्ह्यांतून सुरू होते, हे मला फार उशिरा कळलं.

साठच्या दशकात महाराष्ट्र आणि बिहारमध्ये मोठे दुष्काळ पडले. कठीण खडकात बोअर मारणारी यंत्रं आली, गावोगावी बोअर झाले आणि त्यांवर बिडाचे पंप बसले. हे पंप परदेशी नमुन्यांवरून केलेले होते. ते नमुने होते एका कुटुंबासाठी. परसात पंप, घरात पाच-सहा माणसं, दिवसाला थोड्या बादल्या. आपल्याकडं मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्यावर पाणी भरायचं. सांधे झिजायचे, दांडा मोडायचा, पंप बंद पडायचा. सत्तरच्या दशकात पाहणी झाली तेव्हा यातले बहुसंख्य पंप बंदच आढळले.

अशा वेळी 'लोकांना वस्तू नीट वापरता येत नाही' हा निष्कर्ष काढणं सगळ्यात सोपं असतं. जालना आणि सोलापूर इथं मिशनच्या पाणी-कामात असलेल्या मंडळींनी तो काढला नाही. पंप कुठं मोडतो हे त्यांनी बघितलं. बिडाऐवजी पोलाद घेतलं, अनेक सांध्यांऐवजी दांड्याला एकच टेकू दिला, दांड्याला साखळी जोडली. यातल्या सोलापूर पंपाचं श्रेय स्वतःच शिकलेल्या एका भारतीय मेकॅनिकला दिलं जातं. पुढं युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार यांनी हा नमुना घेतला, त्यात सुधारणा केल्या, कोइमतूरच्या भागात तो प्रत्यक्ष वापरात घालून तपासला, आणि 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप बनून बसवले गेले. आफ्रिकेतही ते गेले.

इथं गोष्ट संपली असती तर ती नुसती यंत्राची गोष्ट झाली असती. मार्क टूची एक अडचण राहिली होती. खालचा वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागत. त्याला गाडी लागे, तिकाटणं लागे, चार-पाच गडी लागत. म्हणजे तालुक्याहून माणसं येईपर्यंत बायकांनी विहिरी शोधत फिरायचं. मग प्रश्न बदलला : पंप कमी मोडेल कसा, याच्या जोडीला मोडल्यावर गावातच दुरुस्त होईल कसा? त्यातून मार्क थ्री आला. यात वरचा पाइप रुंद केला, त्यामुळं पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येतो. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात महिला समाख्या कार्यक्रमातून खेड्यातल्या बायका पंप दुरुस्त करायला शिकल्या. ज्या डोक्यावरून पाणी आणत होत्या त्यांच्या हातात पाना आला.

मला सामाजिक बदल म्हणतात तो इथं दिसतो. पाइपाचा व्यास बदलला म्हणून 'दुरुस्ती कुणी करायची' या प्रश्नाचं उत्तर बदलू शकलं. पाइपानं एकट्यानं ते केलं नाही, त्यासाठी बायकांना शिकवणारेही लागले. पण जुन्या पाइपावर ते शिक्षण वाया गेलं असतं.

बिदरी : नवी वस्तू की जुना प्रश्न?

आता बिदरला येऊ. बिदरी काम तुम्ही पाहिलं असेल, काळ्याभोर धातूवर चांदीची नक्षी. जस्त जास्त आणि तांबं थोडं असा मिश्रधातू वाळूच्या साच्यात ओततात. कानस मारून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्यानं तात्पुरतं काळं करतात म्हणजे रेघ दिसते. टोकदार कलमानं नक्षी कोरतात, त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात वस्तू घातली की धातू काळा पडतो आणि चांदी पांढरीच राहते. ही माती उन्हापावसापासून आडोशाला राहिलेल्या जागेची लागते. जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. ही सुद्धा प्रयोगशाळाच की!

बहामनी काळापासून चालत आलेल्या या कलेला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ मध्ये बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. डिझाइन संशोधकांनी इथं चांगलं कामही केलं आहे. एनआयडीचे एम. पी. रंजन आणि अदिती रंजन यांनी संपादित केलेल्या 'हँडमेड इन इंडिया' या २००७ सालच्या ग्रंथात देशभरातल्या हस्तकलांची जिल्हावार नोंद आहे. मुंबई आयआयटीच्या 'डी-सोर्स' या उपक्रमात बिदरीची प्रक्रिया टप्प्याटप्प्यानं चित्रांसह मांडली आहे. एखादी कला फक्त हातात असेल तर हात थकल्यावर ती जाते. तिची नोंद करणं हे म्हणूनच पहिलं काम.

दुसरं काम जरा नाजूक आहे. हुक्का आणि पानदान कुणी घेईना तेव्हा कफलिंक्स, पेनस्टँड, पेनड्राइव्हचं कव्हर अशा नव्या वस्तू आल्या. शहरातला डिझायनर येतो, स्केच देतो, कारागीर वस्तू करतो, प्रदर्शनात ती खपते. यात वाईट काही नाही. पण संशोधकानं एवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं. चांदी कोण विकत घेतं? तिचा भाव चढला की तो बोजा कुणावर पडतो? मजुरी वस्तू झाल्यावर मिळते की विकल्यावर? कानस मारताना उडणारी पूड कुणाच्या छातीत जाते? किल्ल्यातली माती काही अमर्याद नाही, मग पुढं काय? आणि वस्तूवर नाव कुणाचं, स्केच देणाऱ्याचं की ठोकणाऱ्याचं?

बिदरला चौबाऱ्याजवळच्या गल्लीत मी एका कारागिराशी बोलत बसले होते. त्यांनी दखनीत सांगितलं त्याचा सारांश असा : नवं डिझाइन द्यायला पुष्कळ जण येतात, पोरगा हे काम का करत नाही ते विचारायला कुणी येत नाही. माझ्या मते अख्ख्या बिदरी कलेचा प्रश्न या वाक्यात आहे. त्याचं उत्तर नव्या आकाराच्या फुलदाणीत सापडणार नाही. ते मजुरी, आरोग्य आणि मान यांत शोधावं लागेल, आणि तेही डिझाइनचंच काम आहे, फक्त ते वस्तूचं नसून व्यवस्थेचं आहे.

सुरंग बावी : नकाशा काढल्यावर दिसलेलं पाणी

तिसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं. औरंगाबादची नहर-ए-अंबरी आपण इतिहासात शिकतो. तिच्याही आधीची तशीच व्यवस्था बिदरला आहे. फारसीत तिला कारेझ म्हणतात, आमच्याकडं सुरंग बावी. पंधराव्या शतकात बहामनींनी राजधानी बिदरला आणली, तेव्हा पठारावरच्या शहराला पाणी हवं होतं. बिदरचं पठार जांभ्या दगडाचं. जांभा सच्छिद्र, पाणी झिरपू देतो. खाली काळा पाषाण ते अडवतो. या दोहोंच्या सांध्याजवळ साठलेलं पाणी बोगद्यात घ्यायचं आणि अगदी मंद उतारावरून वस्तीपर्यंत न्यायचं. मोटर नाही, रहाट नाही. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी छिद्रं ठेवायची.

काळ गेला, बोगदा विसरला. वर दिसत राहिली ती नुसती भोकं, एक इथं, एक शेतात, एक रस्त्याकडेला. भोक दिसलं की आपण त्यात काय टाकतो ते सांगायला नको. काही बुजली, काहींच्या आसपास प्लॉट पडले.

मग केरळातल्या चित्तूरच्या सरकारी कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी नौबादच्या कारेझचा अभ्यास केला. छिद्रांच्या जागा नोंदवल्या, उतार पाहिला, आणि ती एका रेषेत जोडली. रेष निघाली जवळपास तीन किलोमीटरची. स्थानिक तरुणांचे गट आणि जिल्हा प्रशासन कामाला लागलं, बोगद्यातला गाळ उपसला गेला आणि आत पाणी वाहताना दिसलं. २०१४च्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉचच्या यादीत बिदरचं ऐतिहासिक शहरही आलं होतं, त्यामुळं बाहेरचंही लक्ष इकडं होतं.

गोविंदनकुट्टी हे भूगोलाचे अभ्यासक, डिझाइन संशोधक अशी पाटी त्यांच्या दारावर नाही. पण त्यांच्या नकाशानं जे केलं ते डिझाइन संशोधनाचं उत्तम उदाहरण आहे. सुटी सुटी भोकं होती तोवर प्रत्येक भोक म्हणजे कचऱ्याची जागा होती. रेष ओढल्यावर प्रत्येक भोक एका चालत्या व्यवस्थेचा भाग ठरलं. तिथं प्लॉट पाडणं, बोअर मारणं, घाण टाकणं म्हणजे सगळ्यांच्या पाण्याला हात घालणं, हे आता दाखवून देता येतं. न दिसणारी गोष्ट दिसू लागली की तिच्यावर भांडता येतं, आणि भांडता येणं ही बदलाची पहिली पायरी असते.

रकाना आणि नाव

आता थोडं भाषेबद्दल, कारण मंडळ वाङ्मयाचं आहे. कर्नाटकात जमिनीच्या उताऱ्याला पहाणी म्हणतात, जसा आपला सातबारा. २००० सालच्या सुमारास 'भूमी' प्रकल्पात राज्यभरातले सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आले. तलाठ्याच्या दप्तरातला कागद खिडकीवर मिळू लागला, ही मोठीच सोय. पण सीमाभागातल्या मराठी माणसाचं नाव या खिडकीतून येताना कसं येतं ते बघा. आमच्या पहाणीवर नाव, मग 'तंदे', म्हणजे वडील, मग त्यांचं नाव. आडनाव कधी आहे, कधी नाही. आधारवर इंग्रजीतून आलेलं स्पेलिंग वेगळं. शाळेच्या मराठी दाखल्यावर तिसरंच.

सुट्टीत गावी गेले की लोकांचे फॉर्म भरून देणं हे माझं ठरलेलं काम. एकदा एका कचेरीबाहेर एक म्हातारे आजोबा तीन कागद घेऊन बसले होते. तिन्हींवर माणूस एकच, नावं तीन. खिडकीवरून त्यांना परत पाठवलं होतं. मला म्हणाले, "बाई, मी एकटाच हाय की गं, हे तिघं कुठनं आले?" शेजारी बसलेले हसले, आजोबाही हसले. पण पीकविम्याची मुदत त्या आठवड्यात संपत होती.

फॉर्म ही सुद्धा कुणीतरी डिझाइन केलेली वस्तू आहे. नावाच्या रकान्यात किती घरं ठेवायची, आडनाव सक्तीचं की ऐच्छिक, कन्नडसोबत मराठीत सूचना द्यायची की नाही, दोन नावं एकाच माणसाची आहेत हे खिडकीवरच नोंदवायची सोय ठेवायची की नाही, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. ठरवण्याआधी तो माणूस आळंदच्या बाजारात एक दिवस बसला असता, तर रकाना वेगळा झाला असता. इथं यंत्र लागत नाही, पैसा फार लागत नाही. दोन्ही भाषा कळणारा आणि ऐकून घेणारा माणूस लागतो.

संशोधक गेल्यावर काय उरतं?

कौतुक पुरे. या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे तो निघून जाण्याचा. १९७५ मध्ये अहमदाबादच्या आयआयएमचे रवी मथाई यांनी एनआयडीला सोबत घेऊन राजस्थानातल्या जवाजा इथं एक प्रयोग सुरू केला. दुष्काळी भाग, चामड्याचं काम करणारे आणि विणकर, शतकांची जातीची उतरंड. तज्ज्ञांनी वस्तू घडवण्यात मदत केली, पण कळीचा मुद्दा वेगळा होता : हिशेब, कच्चा माल, बाजार हे सगळं कारागिरांनी स्वतः सांभाळावं आणि तज्ज्ञांची गरज संपावी. तिथल्या कारागिरांची संघटना पुढं टिकली. आपली गरज कमी करत जाणं हे संशोधकाच्या कामाचं माप मानलं, तर आपल्याकडचे कितीतरी प्रकल्प नापास होतील. फोटो काढले, अहवाल लिहिला, पुरस्कार घेतला आणि गेले. ज्यांच्या अंगणात बसून चहा प्यायला त्यांना अहवालाची प्रतही मिळत नाही, आणि मिळाली तरी ती इंग्रजीत असते.

म्हणून संशोधकाला विचारायचे माझे तीन प्रश्न आहेत. प्रश्न कुणी ठरवला? शोधलेलं लोकांच्या भाषेत परत दिलं का? आणि मोडलं तर दुरुस्त कोण करणार?

यात नवं काही नाही, असंही मला वाटतं. बाराव्या शतकात आमच्याच कल्याणात बसवण्णांच्या अनुभव मंटपात मडिवाळ माचिदेव आणि अंबिगर चौडय्या, म्हणजे परीट आणि नावाडी, चर्चेला बसत. कामाला तिथं 'कायक' म्हणत आणि त्याला मान होता. इकडं गोरोबा, सावतोबा, नामदेव यांनी आपापल्या कामाच्या शब्दांतच आपली भाषा घडवली. जो हातानं काम करतो त्याला त्या कामातलं कळतं, ही गोष्ट या मातीला ठाऊक होती. डिझाइन संशोधन तीच गोष्ट आज वही-पेन घेऊन करू पाहतं.

आता शेवटचं, आपल्या मंडळासाठी. डिझाइन शाळेत जायला चित्रकला यावी लागते असा समज आहे. पण या संशोधनातलं निम्मं काम ऐकण्याचं आणि लिहिण्याचं आहे. माणूस 'चालतंय की' म्हणतो तेव्हा त्याला खरंच चालतं की तो कंटाळला आहे, हे साहित्य वाचणाऱ्याला लवकर कळतं. या सत्रात एक साधा उपक्रम करू या. प्रत्येकानं आपल्या गावातली किंवा गल्लीतली एक रोजची वस्तू किंवा एक सरकारी फॉर्म निवडायचा, तो वापरणाऱ्या तीन माणसांशी बोलायचं आणि ती कुठं अडतात ते त्यांच्याच शब्दांत दोन पानं लिहायचं. बोली सुधारायची नाही. लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवायचं आणि ते सांगतील तिथं दुरुस्त करायचं. मी आळंदच्या बाजाराच्या दिवशी खिडकीबाहेर बसून नावांच्या रकान्यावर लिहिणार आहे. ज्यांना सोबत यायचं आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी सांगा, सोलापूरहून पुढं एसटी मिळते.